पारसिक हिलचा उतार आणि काठोकाठ भरलेली बॅटरी : एका तक्रारीचा अभ्यास

गेल्या पावसाळ्यात, जुलैच्या पहिल्या आठवड्यातल्या एका सकाळी पावणेसात वाजता माझ्या मावशीचा फोन आला. ती वेळ तिची वाशीच्या दवाखान्याकडे निघण्याची असते आणि त्या घाईत ती कोणालाही फोन करत नाही, त्यामुळे तिचे नाव पाहूनच मी दचकलो. "अरे, उतारावर गाडी धरतच नाहीये. पाय काढला तरी आपली पळतेच आहे. ब्रेक गेलेत की काय, बघ रे जरा," असे तिने एका दमात सांगितले. गाडी तिने खाली बेलापूरला रस्त्याच्या कडेला लावली होती, ती स्वतः सुखरूप होती, आणि मी विचारल्यावर "पेडल दाबलं तेव्हा थांबली की नीट" असेही ती म्हणाली. ब्रेक गेल्याची भीती आणि ब्रेक दाबल्यावर गाडी नीट थांबल्याची कबुली या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या तोंडून दोन मिनिटांत आल्या होत्या. दोन्ही खऱ्या होत्या, हे समजायला मला पुढचे दहा दिवस लागले.

मी तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइल अभियांत्रिकी शिकवतो आणि ठाण्यात राहतो. मावशी दंतवैद्य आहे. तिचे घर नवी मुंबईत बेलापूरच्या पारसिक हिल या टेकडीवर, सकाळचा दवाखाना वाशीला आणि संध्याकाळचा पनवेलला. गाडी मोठी, प्लग-इन हायब्रिड जातीची एसयूव्ही आहे. माझ्या मावसभावाने ती वापरलेली घेतली आणि परदेशी जाताना आईकडे सोपवली. गाडीच्या कंपनीचे नाव मी येथे देत नाही, कारण जे घडले ते कमी-अधिक फरकाने या जातीच्या कोणत्याही गाडीत घडू शकते.

अशा गाडीत पेट्रोलचे इंजिन असते, शिवाय घरच्या विजेवर चार्ज होणारी बऱ्यापैकी मोठी बॅटरी आणि मोटर असते. या गाडीच्या बॅटरीतली वापरता येण्याजोगी क्षमता सुमारे १५ युनिटांची आहे, म्हणजे विजेच्या बिलावर जे युनिट छापलेले असते तीच १५ युनिटे. वेग कमी करताना मोटर उलटे काम करते, जनित्र होते, आणि गाडीच्या गतीतून वीज काढून बॅटरीत भरते. यालाच रीजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात. गाडीवाल्यांच्या बोलण्यात नुसते रीजन.

तक्रारीचा माग

त्याच आठवड्यात मावशीने गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवली. तिथल्या तंत्रज्ञाने संगणक जोडून पाहिला, बिघाड दाखवणारा एकही फॉल्ट कोड मिळाला नाही. तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या सपाट रस्त्यावर चक्कर मारली, ब्रेक उत्तम लागले. आणि "मॅडम, सगळं नॉर्मल आहे" असे सांगून गाडी परत दिली. हे उत्तर खरे होते, पण अपुरे होते, आणि गाडी चालवणाऱ्याच्या दृष्टीने अपुरे उत्तर हे चुकीच्या उत्तरापेक्षा फारसे बरे नसते. मावशीची भीती तशीच राहिली, शिवाय आपल्यालाच काहीतरी भास होतो आहे असे तिला वाटू लागले, आणि बत्तीस वर्षे गाडी चालवणाऱ्या बाईवर ही वेळ यावी हे मला फार लागले.

रविवारी मी तिच्याकडे गेलो आणि गाडीला हात लावण्याआधी तासभर तिला नुसते प्रश्न विचारले. माझ्या अनुभवात बहुतेक बिघाडांचा पत्ता चालवणाऱ्याच्या बोलण्यात लागतो, फक्त तो ऐकण्याची तयारी लागते. तिच्या सांगण्यातून तीन गोष्टी हाती आल्या. पहिली अशी की हा प्रकार फक्त सकाळी होतो. दुपारी ती जेवायला घरी येते आणि साडेतीनला पनवेलला जाण्यासाठी तोच उतार उतरते, तेव्हा गाडी अगदी पूर्वीसारखी वागते. दुसरी अशी की हे सुरू होऊन तीन आठवडे झाले होते, पण त्याआधीही "सोमवारी गाडी जरा वेगळी वाटायची". सोमवारचा आळस असेल म्हणून तिने ते सोडून दिले होते. तिसरी गोष्ट तिने जाता जाता सांगितली: उतारावर मध्येच इंजिन आपणहून सुरू होऊन गुरगुरते, आणि बॅटरी पूर्ण भरलेली दिसत असताना पेट्रोल कशाला जाळायचे, असा तिचा रास्त प्रश्न होता.

एकच गाडी, एकच उतार, एकच पाय. मग सकाळी आणि दुपारी फरक कशाचा? उत्तर गाडीत नव्हते, घराच्या भिंतीवर होते. तीन आठवड्यांपूर्वी तिने पोर्चमध्ये नवा वॉल चार्जर बसवून घेतला होता. त्याआधी गाडीबरोबर आलेला हातातला चार्जर साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटला लावला जायचा, आणि वायरिंग जुने असल्यामुळे इलेक्ट्रिशियनने तो ८ अँपिअरवरच ठेवायला सांगितला होता. २३० व्होल्टला ८ अँपिअर म्हणजे १.८४ किलोवॅट, चार्जिंगमधली गळती वजा जाता बॅटरीत तासाला सुमारे १.६ युनिट. रात्री अकरा ते सकाळी साडेसहा या साडेसात तासांत १२ युनिटे जमत. मावशीच्या दोन्ही दवाखान्यांच्या फेऱ्या मिळून दिवसाला पन्नास किलोमीटर होतात आणि एसी लावून ही जड गाडी बॅटरी जवळजवळ रिकामी करूनच घरी येते, म्हणजे सकाळी ती साधारण ८० टक्क्यांवर निघत असे. नवा चार्जर १६ अँपिअरचा. तो साडेचार तासांत, म्हणजे पहाटे साडेतीनलाच बॅटरी भरून मोकळा होतो. तेव्हापासून रोज सकाळी १०० टक्के. आणि जुन्या चार्जरवरही रविवारी दवाखाना बंद असल्याने गाडी शनिवार रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंत सॉकेटलाच असायची. सोमवारी ती पूर्ण भरलेली निघायची. सोमवारचा तो वेगळेपणा मावशीच्या पायाला बरोबर कळला होता.

सर्व्हिस सेंटरला हे दिसणे शक्यच नव्हते. गाडी त्यांच्याकडे पोहोचेपर्यंत बॅटरी अर्ध्याच्या खाली आली होती आणि तुर्भ्यात उतार नाही.

तीन फेऱ्या

पहिली फेरी आम्ही सोमवारी सकाळी केली. स्टिअरिंगवर मी, शेजारी मावशी, बॅटरी १०० टक्के, गिअरचा दांडा तिच्या सवयीप्रमाणे बी वर. बी म्हणजे पाय उचलताच मोटरने जोरात रीजन करावे अशी स्थिती. डी या नेहमीच्या स्थितीपेक्षा गाडी त्यात अधिक ओढून धरते. पाऊस थांबला होता पण रस्ता ओला होता. पहिल्या वळणाआधी ताशी ३० किलोमीटर वेगाला मी ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण उचलला. गाडीने काहीच केले नाही. न्यूट्रलमध्ये घसरावी तशी ती पुढे जात राहिली, काटा ३० वरून ३५ कडे सरकला, आणि मग सेकंद-दीड सेकंदाने पुढून गुरगुर आली, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा मिनिटाला ३,००० च्या वर गेला आणि गाडी थोडी आवरली गेली. वेग ३८ झाल्यावर मी ब्रेक पेडल दाबले. पहिल्या दाबाला चाकांतून खर्र असा कोरडा आवाज आला, पण गाडी जेवढ्या दाबाला जेवढी थांबायला हवी तेवढी थांबली. "हे बघ, हेच," मावशी म्हणाली, आणि तिच्या आवाजात भीतीपेक्षा सुटका जास्त होती.

दुसरी फेरी त्याच दिवशी दुपारी, बॅटरी ५० टक्क्यांच्या जरा वर असताना. त्याच जागी, त्याच वेगाला पाय उचलला, आणि गाडी जणू कोणी मागून दोरी ओढावी तशी लगेच मंद झाली. इंजिन गप्प. डायलवरचा काटा रीजन दाखवणाऱ्या हिरव्या पट्ट्यात खोल गेला. पायथ्यापर्यंत ब्रेक पेडलला मी फक्त दोनदा स्पर्श केला.

तिसरी फेरी दोन दिवसांनी, मुद्दाम चार्जिंग आधी थांबवून बॅटरी ९० टक्क्यांवर ठेवून केली. ती दुपारसारखीच झाली. त्याखेरीज ९६ टक्क्यांवर एक चुटपुटती फेरी केली तेव्हा गाडी धरत होती, पण अर्धवट, आणि मध्यावर इंजिन सुरू झालेच.

यानंतर तक्रारीतला शब्दांचा गुंता सुटला. मावशी "ब्रेक" म्हणत होती, पण तिच्या मनात ब्रेक पेडल नव्हते. पाय उचलल्यावर गाडीने आपणहून मंद होणे तिला अभिप्रेत होते. वर्षभर तिचा उजवा पाय एवढेच शिकला होता की या उतारावर पेडल बदलण्याची गरज नाही, नुसते उचलले की पुरते. पाय काढला तरी पळते, असे ती पहिल्याच फोनवर सांगत होती, आणि मी ते ऐकूनही माझे लक्ष ब्रेक या शब्दावर अडकले होते.

अर्धे युनिट जाणार कुठे

घरापासून पायथ्यापर्यंतचा उंचीतला फरक मोबाइलवरच्या उंचीमापकाने पाहिला तर १०० मीटरच्या आसपास भरला, आणि रस्ता साधारण दोन किलोमीटरचा. गाडी आणि आम्ही दोघे मिळून वजन २,४०० किलो धरले तर एवढे वजन १०० मीटर खाली येताना सुमारे ०.६५ युनिट ऊर्जा सोडते. त्यातले टायरांच्या रुळण्यात ०.१५ युनिट आणि हवेला कापण्यात अगदी थोडेसे खर्ची पडते. उरलेले साधारण अर्धे युनिट कुठेतरी गेलेच पाहिजे, नाही तर त्याचा वेग होतो. घरातला ७५ वॅटचा पंखा या अर्ध्या युनिटावर सहा तासांहून अधिक काळ फिरेल. रुपयांत मोजाल तर क्षुल्लक, पण ओल्या वळणावर ते क्षुल्लक नसते.

दुपारी हे अर्धे युनिट बॅटरीत जाते, १५ मधले अर्धे, म्हणजे तीन-चार टक्के. सकाळी बॅटरी ते घेत नाही. लिथियम-आयन बॅटरीच्या प्रत्येक सेलला व्होल्टेजची एक वरची मर्यादा असते. निकेल-मँगनीज-कोबाल्ट जातीच्या सेलमध्ये ती साधारण ४.२ व्होल्ट धरतात. त्या मर्यादेला टेकलेल्या सेलमध्ये आणखी करंट ढकलला तर व्होल्टेज तिच्या पलीकडे जाते, आतले द्रावण विघटित होऊ लागते, आणि सेलच्या ऋण टोकावरच्या ग्रॅफाइटमध्ये शिरायला जागा न मिळालेले लिथियम पृष्ठभागावरच धातूच्या थराने साचू लागते. एनएमएमटीच्या, म्हणजे नवी मुंबईच्या शहर सेवेच्या, बसमध्ये पहिल्या थांब्यावर चढणाऱ्याला लगेच आसन मिळते, मग उभे राहायला जागा शोधावी लागते, आणि शेवटी चढलेले दारातच लोंबकळतात. सेलमध्ये दारात लोंबकळणारे हे लिथियम बॅटरीचे आयुष्य कमी करते आणि फार झाले तर धोकाही निर्माण करते. म्हणून बॅटरीवर देखरेख ठेवणारा संगणक, ज्याला बीएमएस म्हणतात, तो क्षणोक्षणी गाडीच्या मुख्य संगणकाला सांगत असतो की आत्ता मी इतके किलोवॅट घेऊ शकतो. बॅटरी भरत जाते तसा हा आकडा खाली येतो आणि १०० टक्क्यांना तो शून्याच्या जवळ टेकतो.

येथे किती जागा शिल्लक आहे आणि किती वेगाने भरता येते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि ९६ टक्क्यांवरच्या अर्धवट अनुभवाचे कारण दुसऱ्या प्रश्नात आहे. अर्ध्या युनिटाला जागा चार टक्क्यांतही झाली असती. पण ते अर्धे युनिट चार मिनिटांत यायचे असते, म्हणजे सरासरी सात किलोवॅटने, आणि वळणापाशी ४० चा वेग तीन सेकंदांत २० वर आणायचा तर क्षणभर ३५ ते ४० किलोवॅटची लाट येते. ९६ टक्क्यांवर बॅटरीला जागा होती, एवढी लाट पेलण्याची तयारी नव्हती.

पारसिक हिलवरून खाली पाहिले की हार्बर मार्गावरच्या लोकल दिसतात. त्याही स्टेशन जवळ आले की रीजन करतात, पण त्यांची वीज वरच्या तारेत परत जाते आणि त्या भागातली दुसरी एखादी लोकल ती वापरते. मोटारगाडीच्या डोक्यावर तार नाही. तिची वीज तिलाच पचवावी लागते, आणि पोट भरलेले असेल तर तिच्यापुढे दोनच वाटा उरतात: चाकांतले ब्रेक पॅड घासून उष्णता करणे किंवा इंजिन फिरवून ती ऊर्जा जिरवणे.

आपल्या गाडीने दोन्ही केले. गुरगुरणारे इंजिन पेट्रोल जाळत नव्हते. चाके त्याला गिअरमधून फिरवत होती, इंधनाची फवारणी बंद होती, आणि इंजिनाच्या आत हवा खेचण्या-ढकलण्यात ऊर्जा खर्ची पडत होती. डिस्प्लेवर त्या क्षणाचा पेट्रोलखप शून्य दिसत होता, तो मी मावशीला दाखवला. काही हायब्रिड गाड्यांत, उदाहरणार्थ टोयोटा आणि होंडाच्या दोन मोटर असलेल्या रचनांत, हे जरा वेगळ्या मार्गाने होते: एक मोटर चाकांपासून वीज बनवते आणि दुसरी त्याच विजेवर बंद इंजिनाला फिरवते. मात्र मावशीचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते हेही नोंदवले पाहिजे. एकदा जागे झालेले थंड इंजिन पायथ्याला लगेच बंद होत नव्हते. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापेपर्यंत ते काही मिनिटे चालत राहायचे, आणि तेव्हा मात्र पेट्रोल जळत होते. विजेवर जायचे म्हणून रात्रभर चार्ज केलेली गाडी पाम बीच रोडला पेट्रोल जाळत लागत होती.

आता ब्रेक पेडलाविषयी. आजच्या अशा गाड्यांत पेडलवर पाय पडला की संगणक ठरवतो, यातला किती भाग मोटरने उचलायचा आणि किती पॅडने. बॅटरी वीज घेत नसेल तर सगळा भार तत्क्षणी पॅडकडे वळवला जातो, आणि चालकाला त्याच दाबाला तेवढीच थांबण्याची शक्ती मिळते. ही कंपनीची मेहेरबानी नाही. प्रवासी गाड्यांच्या ब्रेकविषयीची संयुक्त राष्ट्रांची १३-एच क्रमांकाची नियमावली सांगते की रीजन ज्या गाडीत मुख्य ब्रेकचा भाग आहे, तिथे बॅटरीच्या चार्जमुळे रीजन कमी-जास्त झाले तरी त्याची भरपाई आपोआप व्हायला हवी. सोमवारच्या फेरीत पेडल दाबल्यावर गाडी नीट थांबली ती यामुळेच. पण पाय उचलल्यावर मिळणाऱ्या रीजनच्या बाबतीत मावशीच्या गाडीला असे कोणतेही वचन नव्हते. मावशीचा पाय नेमका त्याच्यावरच विसंबला होता.

यात उत्पादकांच्या निवडीचाही भाग आहे. पडद्यावरचे १०० टक्के म्हणजे सेलचे खरेखुरे १०० टक्के असतीलच असे नाही. वर थोडी जागा राखून ठेवता येते. २०११ च्या शेवरोले व्होल्टमध्ये १६ युनिटांच्या बॅटरीतली १०.४ च्या आसपासच वापरली जात होती, त्यामुळे "पूर्ण" चार्जलाही रीजनला पुष्कळ वाव राहायचा. वरची राखीव जागा कमी केली की तेवढ्याच वजनात दोन-चार किलोमीटर जास्त मिळतात, जाहिरातीतला आकडा मोठा होतो, आणि टेकडीवर राहणाऱ्याची सकाळ बदलते. दुसरा उपाय टेस्लाने केला आहे: रीजन मर्यादित असेल तेव्हा पाय उचलल्यावर साधे ब्रेक आपोआप लावून अनुभव सारखा ठेवण्याची सोय तिथे निवडता येते. माझ्या मते टेकड्यांच्या प्रदेशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीत ही सोय असावी, आणि ती नसेल तर गाडी सुरू करतानाच पडद्यावर ठळक सूचना तरी यावी. मावशीच्या गाडीत या अवस्थेत फक्त हिरवा पट्टा थोडा फिका होतो. वळणावर डोळे रस्त्यावर असलेल्या माणसाला तो दिसत नाही.

डिस्कवरचा गंज

खर्र या आवाजाचे कारण वेगळे होते, पण त्याच मुळाचे. सोमवारी निघण्याआधी मी पुढच्या चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्च मारली तेव्हा ब्रेक डिस्कवर नारिंगी-तपकिरी गंजाचा पातळ थर दिसला, बोटाने पुसला तर बोटावर हळदीसारखा उतरला. डिस्क बिडाच्या असतात, बेलापूरला खाडीची खारी हवा आणि पावसाळ्याची ओल, रात्रभर उभ्या गाडीवर असा थर बसतोच. रोज पॅड घासले गेले तर तो पहिल्या दोन-तीन ब्रेकला निघून जातो. रीजनवर चालणाऱ्या गाडीत पॅडला काम फारच कमी पडते. मावशीच्या गाडीचे पॅड २८,००० किलोमीटरनंतरही जवळजवळ नव्यासारखे होते, आणि गंज मात्र दिवसागणिक टिकत होता. पूर्ण भरलेल्या बॅटरीच्या सकाळी एकदम सगळा भार त्या गंजलेल्या डिस्कवर पडायचा. म्हणजे गाडी धरत नाही आणि वर चाकातून आवाजही येतो, अशी दोन्ही लक्षणे एकाच वेळी एकत्र येत होती. ब्रेक गेल्याची शंका येण्यासाठी याहून पुरेसे कारण कोणाला लागेल?

पायथ्याला थांबून इन्फ्रारेड तापमापकाने पुढच्या डिस्क पाहिल्या. सकाळच्या फेरीनंतर त्या १०० अंश सेल्सिअसच्या थोड्या वर होत्या, दुपारच्या फेरीनंतर हाताला कोमट. हिशेबही हेच सांगतो: अर्ध्या युनिटातले सत्तर टक्के पुढच्या दोन डिस्कमध्ये गेले आणि त्या प्रत्येकी बारा किलोच्या धरल्या, तर थंड होण्याची संधी न मिळताही तापमान शंभर-सव्वाशे अंशांनी वाढेल. बिडाच्या डिस्कला हे काहीच नाही. या उतारापुरते सांगायचे तर पॅडच्या ब्रेकवर पूर्ण विसंबणे निर्धोक आहे, आणि हे आकड्यांनिशी कळल्यावरच मावशी नीट झोपली.

हाच हिशेब मोठ्या घाटात मात्र वेगळा होतो. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे; तिथल्या हॉटेलात रात्री १०० टक्के चार्ज करून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचे तर जिरवायची ऊर्जा अर्धे युनिट न राहता काही युनिटे होते. बोरघाटात हायब्रिड गाड्यांच्या मालकांना हे प्लग न लावताच अनुभवाला येते. लोणावळा ते खोपोली साडेपाचशे मीटरच्या आसपासचा उतार आहे, साध्या हायब्रिडची बॅटरी एक-दोन युनिटांहून मोठी नसते आणि तिचा मधला भागच वापरला जातो, त्यामुळे घाटाच्या मध्यावरच ती भरते आणि इंजिन अचानक ओरडू लागते. गाडी बिघडलेली नसते. तिथे बी किंवा खालचा गिअर लावून इंजिनाला काम करू देणे हेच योग्य, पॅड सतत दाबून ठेवणे नव्हे.

एक शंका येथेच निकालात काढतो. रीजन चालू असताना चाक खड्ड्यात गेले तर गाडी क्षणभर पुढे सटकल्यासारखी वाटते, कारण चाकाची पकड सुटल्याचे कळताच संगणक रीजन सोडतो. नवी मुंबईत जुलैमध्ये हे रोजचेच आहे. पण ते बॅटरी कितीही भरलेली असताना होते आणि क्षणात संपते. मावशीची तक्रार ती नव्हती.

काय बदलले

सर्वांत चांगला उपाय म्हणजे चार्जिंग टेकडीवर न करता खाली करणे. खालून भरून निघालेली गाडी चढताना बॅटरी वापरते आणि उतरताना जागा असते. पण वाशीच्या इमारतीच्या सोसायटीने पार्किंगमध्ये पॉइंट घ्यायला अजून होकार दिलेला नाही. गाडीत "९० टक्क्यांवर थांब" अशी सोय नाही, फक्त वॉल चार्जरवर चार्जिंग कधी सुरू करायचे ती वेळ लावता येते. म्हणून आम्ही सुरुवातीची वेळ पहाटे अडीच केली. साडेसहाला चार तास होतात, बॅटरी ९० टक्क्यांच्या आत-बाहेर असते, आणि गाडी पूर्वीसारखी धरते. शनिवारी रात्री प्लग लावायचाच नाही, रविवारी रात्री लावायचा. आठवड्यातून एकदा पायथ्याच्या सपाट रस्त्यावर मागे कोणी नाही असे पाहून न्यूट्रलमध्ये तीन-चारदा व्यवस्थित ब्रेक लावायचे, म्हणजे मोटर बाजूला राहते आणि डिस्क घासून स्वच्छ होतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, पॅड न झिजले तरी. ते दर दोन वर्षांनी बदलायचे हे तिच्या डायरीत लिहून दिले.

त्याशिवाय आम्ही एक सकाळ मुद्दाम १०० टक्के बॅटरीवर घालवली. या वेळी स्टिअरिंगवर मावशी होती. वळणाच्या बरेच आधी पाय ब्रेकवर आणायचा, पेडल हलके दाबून वेग २५ वर ठेवायचा, इंजिन गुरगुरले तर गुरगुरू द्यायचे. तिने तीन वेळा तो उतार उतरला. तिसऱ्या वेळी तिने पंख्याचा वेग कमी केला, मागे वळून दुधाच्या पिशव्या पडल्या नाहीत ना ते मला पाहायला सांगितले, आणि तेव्हा मला खात्री पटली की तिचा पाय आता शिकला.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री पावसात वीज गेली आणि बाराला परत आली. वीज परत आल्यावर त्या वॉल चार्जरने वेळेची वाट न पाहता लगेच चार्जिंग सुरू केले, आणि सकाळी बॅटरी पुन्हा १०० टक्के होती. साडेसातला वाशीहून मावशीचा फोन आला. "भरलेली होती रे आज. निघण्याआधी आकडा बघितला, पाय ब्रेकवर ठेवूनच उतरले. पण त्या टायमरचं काहीतरी कर." चार्जर बनवणाऱ्यांना मी त्याविषयी लिहिले आहे, आणि तोपर्यंत पोर्चच्या भिंतीवर, प्लगच्या वर, एक कागद चिकटवला आहे: निघण्याआधी आकडा पाहा.